शेतकऱ्याला विचारून धोरण करायचंय? एकदम सोप्पंय

शेतीचं धोरण जैवविविधता सांभाळून करायचं, तेही सगळ्यांना विचारून, असं ठरलंय ना तुमचं? मग आधी सिव्हिल लाइन्सकडे एसीवाला हॉल पकडा. तारीख मृगाचा पाऊस पडल्यावरचीच ठेवा, म्हणजे शेतकरी सगळे पेरणीत अडकलेले, एखाददुसरा आलाच तर मागच्या रांगेत सांभाळता येतो. बाकी खुर्च्या भरतातच, तर्री-पोहे चांगले पाह्यजेत फक्त.

त्याला बोलू द्या हो, पण जेवणाआधी पाच मिनिटं. जास्त वेळ दिला की तो कापसाच्या पाकिटाचं काढतो. बीटी म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणारा कापूस, त्याच्या ४५० ग्रॅम बियाण्यासोबत १२० ग्रॅम साधं बियाणं यायचं, ते कडेनं लावायचं, म्हणजे काही अळ्या साध्या झाडांवर जगतील, त्यांचे पतंग बीटीतून वाचलेल्यांशी जुळतील आणि बीटीला न जुमानणाऱ्या अळ्यांची पैदास लवकर वाढणार नाही. शास्त्र एकदम बरोबर होतं बाप्पा! फक्त अळीसाठी रांगा सोडायच्या तर नुकसान कोण भरून देणार, एवढंच विचारायचं राहून गेलं, मग कित्येकांनी ते पाकीट फोडलंच नाही. २०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला, कारणं बरीच होती, पण "शेतकरी ऐकत नाहीत" हे वाक्य मिनिट्समध्ये आधीच टाइप करून ठेवा, कुठंही चालतं.

आता लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातली झाडं, प्राणी आणि त्यांच्याबद्दल गावाला असलेली माहिती लिहून ठेवायची वही. २००२ च्या कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती हवी आणि गावकऱ्यांना विचारून तिनं ही वही करायची. टेन्शन नका घेऊ. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिल्यावर देशभर भराभर वह्या तयार झाल्याच ना? शेजारच्या गावची फाइल उघडा, गावाचं नाव बदला. नदी बदलायला विसरू नका मात्र, तिथंच माणूस सापडतो.

समितीत बायाही लागतात. एखादी आजी येईल पदरात तरोट्याचा, म्हणजे टाकळ्याच्या रानभाजीचा, कोवळा पाला घेऊन, म्हणेल, धुऱ्यावर फवारा मारून राहिले तेव्हापासून तिथं काही उगवतच नाही, हा सडकेच्या कडेचा आणला. मान हलवा. वहीत तरोटा आहेच की, "तण" या रकान्यात, तिला सही कुठं करायची ते दाखवा, एक फोटो घ्या आणि पाला तेवढा ठेवून घ्या, लसूण-मिरचीवर परतला की मस्त लागतो.