मराठी सिनेमा बघायचा तरी कधी?

मंगळवारी दुपारी पाऊणचा खेळ! कोण जाणार? नोकरीवाले? संध्याकाळी मात्र तीन-तीन पडद्यांवर तोच हाणामारीचा हिंदी सिनेमा. मराठी सिनेमा बरा आहे हे कानावर येईपर्यंत तो उतरलेला असतो. वर म्हणायचं, प्रेक्षकच नाहीत! अहो, येऊ दिलेत कुठे? परवा कोथरूडहून धावतपळत पोचलो, तर खिडकीवरचा मुलगा म्हणतो, "काका, चारच तिकिटं गेलीत, शो कॅन्सल." त्या चौघांनी काय घोडं मारलं होतं? १९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून ज्या गावात आली, १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय जिथे आहे, त्या पुण्यात चांगल्या मराठी सिनेमाला संध्याकाळचा एक खेळ मिळू नये? टुकार सिनेमे महिनाभर ठाण मांडून बसतात, ते बरं चालतं!