आईच्या फोनमधली मराठी

२०२५च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय निघाला आणि २९ जूनला सरकारने माघार घेतली. त्या अडीच महिन्यांत मराठीच्या कैवाराचे इतके संदेश ब्रिटनमध्ये, वेल्सच्या कार्डिफ शहरात माझ्यापर्यंत पोहोचले की ते वाचून काढायला रोजचा अर्धा तास पुरत नसे. त्यांतली कळकळ मला परकी नाही, आणि सक्ती गेली याचा मलाही आनंदच झाला. परंतु त्यांच्यासोबत येणाऱ्या चित्रफितींमध्ये कोणी दुकानदाराला, कोणी बँकेतल्या कर्मचाऱ्याला मराठी बोलायला भाग पाडत होते, आणि ते पाहताना मला दर वेळी सांगलीत एकटी राहणारी माझी आई आणि तिच्या हातातला फोन आठवत असे.

आई रोज सकाळी वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते आणि वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तके आणते. तीच बाई बँकेचे ॲप उघडले की चाचपडू लागते, कारण त्यातला प्रत्येक प्रश्न इंग्रजीत असतो. एकदा तिच्या खात्यातून थोडी रक्कम कापली गेली. चौकशी केल्यावर कळले की पडद्यावर आलेल्या एका चौकटीत संमती दिल्यामुळे एक विमा तिच्या खात्याला जोडला गेला होता आणि त्याचा हप्ता दरवर्षी आपोआप जाणार होता. "अगं, ते काहीतरी इंग्लिशमधनं विचारत होतं," ती म्हणाली, "होय म्हटल्याशिवाय पुढंच जाईना, मग म्हटलं होय." रक्कम मोठी नव्हती. पण आयुष्यभर पैशापैशाचा हिशेब वहीत लिहिणाऱ्या माणसाने न वाचता संमती द्यावी, ही गोष्ट मला फार लागली. आज रात्री वीज तोडली जाईल, अमुक क्रमांकावर लगेच फोन करा, अशा धमकीच्या संदेशांनी किती घरे लुबाडली गेली आहेत हे आपण वाचतोच. असा संदेश खरा की चोराचा, हे ओळखायला वाक्यातला खोटेपणा कानाला खटकावा लागतो, आणि तो खटकतो आपल्या भाषेत.

बँकेच्या शाखेतले छापील अर्ज इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक अशा तीन भाषांत असावेत, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. ती योग्यच आहे. मात्र आईचे शाखेत जाणे जवळजवळ थांबले आहे. तिचा व्यवहार आता पडद्यावर चालतो, आणि मराठीचा आग्रह मात्र अजून काउंटरपाशीच, तिथे बसलेल्या पगारी माणसाशी भांडत उभा आहे. त्या माणसाने मराठी शिकावी असे मलाही वाटते. पण आईच्या संमतीची चौकट इंग्रजीत ठेवण्याचा निर्णय त्याने घेतलेला नसतो.

मी अकरा वर्षे वेल्समध्ये राहते आहे. २०२१च्या जनगणनेत इथे वेल्श बोलता येणारे ५ लाख ३८ हजार लोक नोंदले गेले, म्हणजे तीन वर्षे आणि त्यापुढच्या वयाच्या लोकसंख्येच्या १७.८ टक्के. मराठी मातृभाषा सांगणारे २०११च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख होते. तरीही इथल्या नगरपालिकेचा कर भरायचा असो वा कचऱ्याच्या गाडीचा वार पाहायचा असो, प्रत्येक पानाच्या माथ्यावर वेल्शचा दुवा असतो, आणि फोन केला तर भाषा निवडण्याची विचारणा आधी होते. हे कोणाच्या सौजन्यावर सोडलेले नाही. १९९३चा भाषा कायदा आणि वेल्शला अधिकृत दर्जा देणारा २०११चा कायदा यांनी सरकारी संस्थांवर ती जबाबदारी टाकली आहे, आणि तक्रार ऐकायला स्वतंत्र भाषा आयुक्त आहे. यामागे चळवळ होती आणि तीही मवाळ नव्हती. वेल्श दूरचित्रवाहिनीचे आश्वासन सरकारने मोडले, तेव्हा १९८०मध्ये वेल्श राष्ट्रवादी नेते ग्विनफोर एव्हान्स यांनी आमरण उपोषणाचा इशारा दिला, सरकार नमले आणि १९८२मध्ये ती वाहिनी सुरू झाली. तो इशारा सरकारला होता.

वेल्समध्ये सारे आलबेल आहे असे मात्र नाही. खाजगी बँका या नियमांत येत नाहीत, आणि २०२४च्या सुरुवातीला एका मोठ्या बँकेने आपली वेल्श दूरध्वनी सेवा बंद केली; फोन करणारे फारच थोडे आहेत, असे कारण तिने दिले. माझ्या शेजारणीला त्याचा संताप आला, पण तिनेच पुढे सांगितले की सरकारी अर्ज ती स्वतः इंग्रजीत भरते, कारण त्यांतली वेल्श तिच्या आजीच्या तोंडी कधी नव्हती. हे ऐकून मी चपापले. एटीएमसमोर मराठीचा पर्याय दिसत असताना मी वर्षानुवर्षे इंग्रजीच निवडत आले आहे, आणि आपली शासकीय मराठीही अशीच लोकांना दूर लोटणारी आहे. 'सदरहू', 'उपरोक्त', 'अनुज्ञेय' या शब्दांनी भरलेला पडदा आईला इंग्रजीपेक्षा फार जवळचा वाटेल असे नाही. म्हणून केवळ मराठी नव्हे, वाचताक्षणी कळणारी मराठी मागितली पाहिजे, आणि मिळेल तिथे ती वापरलीही पाहिजे, कारण कोणता पर्याय किती वेळा निवडला गेला याची मोजणी कुठेतरी होत असते आणि सेवा बंद करताना तीच पुढे केली जाते.

जानेवारीत मी सांगलीला गेले तेव्हा आईच्या अँड्रॉइड फोनची भाषा मराठी केली. सेटिंग्जमध्ये ती सोय कित्येक वर्षांपासून आहे. आम्ही कोणी तिकडे पाहिले नव्हते. दुसऱ्याच दिवशी विजेरीच्या एका ॲपने संपर्कयादी पाहण्याची परवानगी मागितली. आईने चष्मा लावून ते वाक्य मोठ्याने वाचले, म्हणाली, "उजेड पाडायला ह्यांना माझ्या बहिणींचे नंबर कशाला पाहिजेत?" आणि नकार दिला.

बँकेचे ॲप मात्र इंग्रजीतच राहिले. तेव्हा आम्ही दोघी शाखेत गेलो आणि ॲपमधले संमतीचे प्रत्येक वाक्य मराठीत दिसावे, असा अर्ज आईच्या सहीने दिला. तिथल्या तरुण अधिकाऱ्याला मराठी फारशी येत नव्हती. त्याने सहकाऱ्याकडून अर्ज समजून घेतला, तो वरच्या कार्यालयाकडे पाठवतो म्हणाला आणि प्रतीवर शिक्का मारून दिला. ती पोच आईने पासबुकात घडी घालून ठेवली आहे.