डबा कंपनीचा, मनस्ताप माझा

"नवा राउटर घ्या, सगळं सुटेल." हे वाक्य पुन्हा कुणी माझ्यासमोर काढू नये. घेतला. चांगला वाय-फाय ६ वाला घेतला. आता घरात एकाच्या जागी दोन डबे लुकलुकतायत, वाय-फायची दोन नावं दिसतायत, आणि एका नावावरच्या लॅपटॉपला दुसऱ्या नावावरचा प्रिंटर सापडत नाही.

इंटरनेट कंपनीनं बसवलेला डबा हा नुसता मोडेम नाही. मोडेम, राउटर, वाय-फाय, सगळं त्यातच कोंबलंय. बाहेरून आलेल्या लाइनचा सिग्नल उलगडायचा हे मोडेमचं काम. ते एक कनेक्शन घरातल्या दहा उपकरणांना वाटायचं हे राउटरचं. माझ्या नव्या राउटरला पहिलं काम येतच नाही, म्हणून जुना डबा काढताच येत नाही. विकणाऱ्यानं हे सांगायला नको? खोक्यावर वेग हाताएवढ्या अक्षरांत, आणि 'यात मोडेम नाही' हे कुठेतरी खाली, मुंगीच्या पावलांएवढं!

बरं, राहू दे जुना डबा. त्यानं फक्त मोडेमचं काम करावं, बाकीचं माझा राउटर बघेल. यालाच ब्रिज मोड म्हणतात. सेटिंगमधला एक पर्याय, बस्स. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हे डब्याच्या सेटिंगचं पान उघडून पाहिलं तर तो पर्यायच गायब. तो कंपनीच्या लॉगिनला दिसतो, मला नाही. चार वेळा फोन केला. दोघांनी डबा बंद करून चालू करायला सांगितलं, एकानं ब्रिज मोड म्हणजे काय हे मलाच विचारलं, आणि शेवटची बाई म्हणाली, "सर, आमच्या पॉलिसीत बसत नाही." अहो, या डब्याचं भाडं दर महिन्याला मी भरतो!

ब्रिज मोड नाही म्हणजे डबल नॅट. नॅट म्हणजे घरातल्या उपकरणांचे पत्ते बाहेरच्या एका पत्त्यामागे लपवणं, आणि इथे ते दोनदा होतं. दोन्ही डबे राउटर असल्यासारखे आपापले पत्ते वाटत बसतात. बाहेरून घरातला कॅमेरा बघायचा तर पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, दोन्ही डब्यांत उघडा. मुलाचा गेमिंग कन्सोल रोज 'डबल नॅट'ची चेतावणी देतो. शेवटी नव्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकलं, म्हणजे तो आता फक्त वाय-फाय पसरवतो, पत्ते वाटत नाही, आणि जुन्याचं वाय-फाय बंद केलं. प्रिंटर सापडला, हे खरं. पण मुलांसाठी वेळेची मर्यादा, पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क, ज्या गोष्टींसाठी जास्तीचे पैसे मोजले, त्या या मोडमध्ये बंद. चांगल्या यंत्राचा मी नुसता अँटेना करून ठेवलाय, आणि घराच्या नेटवर्कचा कारभार अजून त्याच जुन्या डब्याकडे.

त्यात काल रात्री कंपनीनं त्या डब्यात परस्पर अपडेट ढकललं. न विचारता, न कळवता. सकाळी उठून पाहतो तर मी बंद केलेलं वाय-फाय पुन्हा चालू, आणि निम्मे फोन त्यालाच चिकटलेले.