सामाईक कॅमेरा

कोकणातल्या बंद घराला कुलूप लावतात ते भाऊबंदांसाठी. चोराला बिचाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, की आत दोन पितळी हंडे, एक लंगडा पाट आणि आजोबांनी हद्दीच्या दगडी गडग्यावरून घातलेल्या दाव्याची फाईल याखेरीज काही नाही.

आमचं घर देवगड तालुक्यात, कुणकेश्वरच्या अलीकडे. सातबाऱ्यावरची नावं वाढत वाढत दुसऱ्या पानावर गेली आहेत. ही सगळी नावं डोंबिवली, वसई, पुणे आणि मस्कत इथे राहतात. घरात कोणीच राहत नाही. गणपतीला दार उघडतं, मे महिन्यात आंबे संपेपर्यंत उघडं राहतं. बाकी वर्षभर शेजारचे तात्या संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावतात आणि जाताजाता मांगरात वाकून बघतात. तात्या आमचे कोणी लागत नाहीत, म्हणून त्यांच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे.

2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून वर गुजरातकडे गेलं. गावातली वीज गेली, पाठोपाठ मोबाईलची रेंज गेली. डोक्यावर छप्पर आहे की नाही, हे स्वतःच्या घराबद्दल माहीत नसणं फार वाईट. शेवटी तात्यांचा फोन लागला. म्हणाले, "मांगराचो अर्धो छप्पर माज्या परड्यात इलो हा. घेवन जातलास तेवा जावा, घाई नाय."

त्याच संध्याकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर ठरलं, की घराला कॅमेरे बसवायचे आणि जिथे असू तिथून बघायचं. वीज आणि रेंज दोन्ही गेल्यावर कॅमेऱ्यात काय दिसलं असतं, असं मी विचारलं. त्यावर कोणीतरी शुभ रात्रीचा फोटो टाकला.

पुढे मला वाटलं होतं एक कंपनी बघू, तीन-चार कॅमेरे घेऊ, लावून मोकळे होऊ. पण सामाईक घरात सामाईक खरेदी होत नसते. एकाने कॅमेरे घेतले तर उद्या तो घर आपलंच म्हणेल. म्हणून प्रत्येक खातेदाराने आपापला कॅमेरा पाठवला. मस्कतच्या भावाने तिकडून गोल फिरणारा आणला. पुण्याच्या आत्तेबहिणीने एक पांढराशुभ्र, नाजूक, दिवाणखान्यात शोभेल असा पाठवला. तो गोठ्याच्या खांबाला लागला. वसईच्या काकांनी त्यांच्या सोसायटीने काढून टाकलेले दोन दिले आणि वर "चालू स्थितीत" असं बजावलं. प्रत्येकाचं ॲप वेगळं. एका ॲपला माझ्या फोनमधले सगळे नंबर हवे होते. आमचं परडं बघायला त्याला माझ्या दाताच्या डॉक्टरांचा नंबर कशाला लागतो, हे त्याने सांगितलं नाही.

हे सगळे एका छताखाली आणायची जबाबदारी माझ्यावर आली, कारण मी कॉम्प्युटरवर काम करतो. मी विम्याच्या कागदपत्रांचं काम करतो, पण ते कॉम्प्युटरवर करतो हे खरं.

यावर उपाय आहे आणि तो चांगला आहे. रास्पबेरी पाय नावाचा हाताच्या पंजाएवढा कॉम्प्युटर घ्यायचा, त्यावर होम असिस्टंट हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चढवायचं आणि सगळ्या कंपन्यांचे कॅमेरे त्यात जोडायचे. कॅमेऱ्यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून 2008 साली काही मोठ्या कंपन्यांनी मिळून ऑनव्हिफ नावाचा करार केला आहे. चित्र बाहेर येतं ते आरटीएसपी या वाटेने, आणि त्या वाटेचं दार बहुतेक 554 नंबरचं. कागदावर सगळं सरळ. प्रत्यक्षात दाराच्या पुढचा पत्ता प्रत्येक कंपनीचा निराळा. कोणाचा ‘स्ट्रीम वन’, कोणाचा ‘चॅनल शून्य’, कोणाला शेवटी तिरकी रेघ लागते, कोणाला ती दिसली की राग येतो. वसईच्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड सोसायटीच्या जुन्या सेक्रेटरींकडे होता, आणि काकांचं त्यांच्याशी पार्किंगवरून बोलणं बंद होतं.

पासवर्ड मात्र मी सगळे बदलले. 2016 साली मिराय नावाच्या एका व्हायरसने जगभरातले असे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, आणि त्यांच्या जोरावर अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससुद्धा काही तास बंद पाडलं होतं. आत शिरायची युक्ती काय, तर कारखान्यातून आलेला ‘ॲडमिन, ॲडमिन’ हा पासवर्ड लोकांनी तसाच ठेवला होता. हे मी ग्रुपवर सविस्तर लिहिलं. काकांनी विचारलं, "मग कुलदेवतेचं नाव ठेव ना. देवीचं नाव कोण चोरणार?" गावातली निम्मी घरं त्याच देवीची आहेत, हे मी पुन्हा सविस्तर लिहिलं.

मग भिंती. जुन्या घराची भिंत जांभ्याची, दीड हात जाडीची. ओटीवरचं वायफाय माजघरात गेलं की मान टाकतं, मागच्या पडवीला पोचतच नाही. तेव्हा वायर ओढायची ठरली. नेटवर्कच्याच केबलमधून वीजही जाते आणि शंभर मीटरपर्यंत चालते, ही मला आवडलेली गोष्ट. गावातला मुलगा आला. मांडव, माईक, बोअरवेलचा पंप आणि सीसीटीव्ही ही सगळी कामं तो करतो. काहीही विचारलं की उत्तर एकच, "होतला." त्याने वळईतून केबल काढली, वाशांना बांधत खळ्यातल्या माडापर्यंत नेली, आणि जोडाच्या डबीची भोकं बुजवायला खिशातून मेणबत्ती काढून तिचं मेण ओतलं. "हुमले शिरतत," म्हणाला. हुमले म्हणजे मुंग्या. बाजारातल्या महागड्या कॅमेऱ्यावर पाणी-धुळीला दाद देत नसल्याचा शिक्का असतो, पण हुमल्यांबद्दल त्यात अवाक्षर नाही. त्या मेणाला मी मनोमन नमस्कार केला.

आता डोंबिवलीतून बघायचं. इथे खरं घोडं पेंड खातं. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून सुमारे 430 कोटी, आणि जगाला ते पुरत नाहीत. म्हणून इंटरनेटवाले एकाच पत्त्यामागे कितीतरी गिऱ्हाइकं बसवतात. राउटरमध्ये डोकावून बघितलं आणि बाहेरचा पत्ता 100.64 ते 100.127 या घरातला निघाला, की ओळखावं, आपण रांगेत आहोत. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत कोणी येऊ शकत नाही. म्हणजे उताऱ्यावर नाव आहे, वहिवाट नाही. आमच्या घराण्याला हे समजवावं लागलं नाही.

इंटरनेटवाल्याला फोन केला. बाईंनी अतिशय गोड आवाजात विचारलं, "सर, यूट्यूब दिसतंय ना?" दिसतंय म्हटलं. "मग नेट चालू आहे सर." स्वतंत्र पत्ता मिळेल का, विचारलं. त्यांनी माझा घरचा पत्ता लिहून घेतला.

तोडगा असा, की बाहेरून आत येता येत नसेल तर आतल्याने बाहेर यावं. घरातला तो छोटा कॉम्प्युटर स्वतःहून बाहेरच्या एका भाड्याच्या सर्व्हरला हात देतो, माझा फोनही त्याच सर्व्हरला हात देतो, आणि मध्ये वायरगार्ड नावाच्या सॉफ्टवेअरचा कुलूपबंद बोगदा तयार होतो. बाहेर कुठलंही दार उघडं राहत नाही. ज्या रात्री ते जमलं त्या रात्री मी डोंबिवलीच्या लोकलमध्ये उभा होतो. कोणाचं तरी कोपर बरगडीत, आणि फोनमध्ये आमचं खळं, तुळस, तात्यांनी लावलेला दिवा. शेजारच्या माणसाने वाकून बघितलं आणि म्हणाला, "गाव खयचा?"

सुख तेवढंच.

कॅमेऱ्याने हालचाल दिसली की कळवावं, असं ठरवलं होतं. माडाची झावळी हलली, कळवलं. जून लागला. कोकणातल्या पावसाचा प्रत्येक थेंब ही हालचाल असते, आणि हा पाऊस सप्टेंबरपर्यंत मुक्कामाला असतो. म्हणून मी चित्रातल्या वस्तू ओळखणारं सॉफ्टवेअर जोडलं. अशी बरीच सॉफ्टवेअर कोको नावाच्या एका चित्रसंग्रहावर शिकलेली असतात. त्यात वस्तूंचे 80 प्रकार आहेत. मी यादी उत्साहाने वाचायला घेतली. हत्ती आहे. झेब्रा आहे. जिराफ आहे. बर्फावरून घसरायच्या पट्ट्या आहेत, समुद्रात लाटेवर उभं राहायची फळी आहे. माकड नाही. आंबा नाही, फणस नाही, नारळ नाही. केळं तेवढं आहे. म्हणजे उद्या पाणंदीतून जिराफ आला तर तो कुठल्या बाजूने आला हे मला वसईपर्यंत सगळ्यांना कळवता येईल. पण हापूसची निम्मी बाग जे खातात ते वांदर या यादीला ठाऊकच नाहीत. ते आले की सॉफ्टवेअर गोंधळायचं आणि कधी ‘कुत्रा’ तर कधी ‘माणूस’ म्हणायचं. एका दुपारी ग्रुपवर संदेश आला, मागच्या पडवीत सात माणसं. मस्कतच्या भावाने लगेच विचारलं, "पुण्याची मंडळी न सांगता गेली का?" पुण्याची मंडळी अजून त्याच्याशी नीट बोलत नाहीत.

रात्रीची कथा वेगळी. अंधारात कॅमेरा स्वतःचा अदृश्य उजेड टाकतो, त्या उजेडाला आणि उबेला किडे येतात, किड्यांना खायला कोळी येतो आणि थेट काचेपुढे संसार मांडतो. डोळ्यापासून बोटभर अंतरावरचं जाळं पडद्यावर खळंभर दिसतं. अमावास्येच्या रात्री मस्कतहून व्हिडिओ आला. तुळशीजवळून काहीतरी पांढरं, झिरझिरीत, हळूहळू सरकत माडाकडे जात होतं. मी कोळ्याचं सांगितलं, 850 नॅनोमीटरच्या त्या अदृश्य उजेडाचं सांगितलं, जाळ्यावर गोल काढून फोटो पाठवला. तोवर ग्रुपवर एकमत झालं होतं: तो घराचा राखणदार. त्याला न विचारता आपण दुसरी राखण बसवली, म्हणून दर्शन दिलं. तात्यांनी सकाळी हिराच्या झाडूने कॅमेरा झाडला आणि राखणदार गेला. पण तो गेला हेही काहींना आवडलं नाही.

त्यामुळे गणपतीत रीतसर गाऱ्हाणं घालावं लागलं. गावच्या मानकऱ्यांनी नारळ हातात घेतला. "बा देवा म्हाराजा, ह्या घरातल्या लेकरांनी ही कॅमेऱ्याची राखण बसवली हा, ती तुज्या राखणीच्या पायाशी आसा असा समज. लाईट जाता ती येव दे, रेंज रवता ती रवान दे, आणि कोणी वाकडी नजर घालीत तर ती त्याची त्याका परत कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो. मीही. राउटरसाठी माझ्याकडे याहून चांगला इलाज नव्हता.

त्याच गणपतीत बैठक बसली. प्रश्न साधा होता: बघायचं कोणी? गावातून बाहेर जाणारा इंटरनेटचा वेग बेताचा. मोठं चित्र पाठवलं की दोघांतच दम निघतो. बारीक केलं तरी एका वेळी चार-पाच जणांच्या पलीकडे गाडं जात नाही. खातेदार त्याहून कितीतरी जास्त, शिवाय त्यांची मुलं. वसईच्या काकांचं म्हणणं, ज्याचा कॅमेरा त्याने बघावा. पुणेकर म्हणाली, तिच्या कॅमेऱ्यात फक्त गोठा दिसतो आणि गोठ्यात गेली कित्येक वर्षं गुरं नाहीत. कोणी सुचवलं, हिश्श्याप्रमाणे तास वाटून घ्या. आत्याने विचारलं, मुलींचा हिस्सा धरणार की नाही? कायदा काढला गेला. 2005 साली हिंदू वारसा कायद्यात मुलींना मुलग्यांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, हे आमच्या घरात पहिल्यांदा मोठ्याने बोललं गेलं ते या कॅमेऱ्यांमुळे.

अखेर ठरलं, की ज्याच्याकडे त्या वर्षीच्या गणपतीची पाळी, त्याच्याकडे ॲडमिन. त्यानेच वर्षाचा रिचार्ज भरायचा. रिचार्जचं वाक्य आल्यावर पाळी मागणाऱ्यांची संख्या एकदम कमी झाली.

एका बाबतीत मात्र दुमत नव्हतं. गडग्याकडे तोंड करून एक कॅमेरा हवा. गडग्यापलीकडे चुलत घर. गडगा दर पावसाळ्यानंतर थोडा आमच्याकडे सरकतो, असं आमच्याकडे म्हणतात. त्यांच्याकडे नेमकं उलटं म्हणतात. आजोबांच्या फाईलमध्ये दोन्ही बाजू व्यवस्थित टाईप केलेल्या आहेत. कॅमेरा लागला त्याच दिवशी पलीकडून काकी कमरेवर हात ठेवून आल्या. "तो डोळो माज्या न्हाणयेकडे कित्याक केलंस?" मी फोनवर चित्र दाखवलं, न्हाणीवर काळी पट्टी मारून दिली. कॅमेऱ्यात तशी सोय असते. काकींनी काळी पट्टी नीट निरखून पाहिली आणि म्हणाल्या, "म्हणजे तू बगतंस, तुका पट्टी काढूक येता."

दिवाळीला त्यांच्या बाजूने कॅमेरा लागला. मेणबत्तीवाल्या त्याच मुलाने लावला. आमच्याच कॅमेऱ्यासमोर, गडग्याच्या बरोबर पलीकडे, त्याच उंचीवर.

आता रात्र पडली की दोन्ही कॅमेरे आपापला अदृश्य उजेड समोरच्याच्या डोळ्यात मारतात. आमच्या पडद्यावर मधोमध पांढरा भगभगीत गोळा. गडगा दिसत नाही, न्हाणी दिसत नाही, पट्टीसुद्धा दिसत नाही. त्यांच्याकडेही तेच असावं, कारण परवा रात्री चुलत भावाचा फोन आला. गेली कित्येक वर्षं आमचं बोलणं वकिलांमार्फत होतं.

"तुजो कॅमेरो जरा खाली वाकव. माका काय्येक दिसना नाय."

"आधी तू वाकव."

"मी वाकवलंय आणि तू नाय वाकवलंस तर?"

"तात्यांना मध्ये घालूया."

"तात्यांनी कोणाचो आधी वाकवचो?"

ते अजून ठरायचं आहे.