चंद्रोदय, कर्ली आणि पुणे नऊ

आमच्या घरात जेवणाच्या बाबतीत कुणालाच आवड नाही, सगळ्यांना फक्त नावड आहे. कुठं जेवायला जाऊया असं विचारलं की सगळे एका सुरात 'काहीही चालेल' म्हणतात, आणि मग तुम्ही बिचारे एखाद्या हॉटेलचं नाव घेता तेव्हा कळतं की या काहीहीमध्ये नेमकं तेवढंच बसत नव्हतं. एरवी घरी असताना हे निभावून जातं, भात टाकता येतो. पण आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत, सगळे मिळून मालवणला आलोय, एक रात्र जरा स्पेशल जेवूया एवढाच साधा बेत आहे, तेव्हा मात्र काहीही चालेल म्हणणाऱ्या माणसाला समुद्रात नेऊन सोडावं असं वाटतं. समुद्र जवळच होता.

मालवणच का, तर बाबांचं पहिलं पोस्टिंग तिथलं. लग्न झाल्यावर पहिला संसार तिथंच, भाड्याच्या दोन खोल्यांत. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ साली, म्हणजे बाबा होते तेव्हा ही सगळी रत्नागिरीच होती, आणि हे ते रस्त्यात भेटेल त्याला सांगतात, टोलवरच्या पोराला पण सांगून झालं. त्यामुळं पन्नासावा तिथंच करायचा हे ठरलं, त्यावर वाद नाही. वाद वारावर झाला.

आता मराठी घरात मासे कुठं खायचे हा दुसरा प्रश्न असतो, कधी खायचे हा पहिला. बाबांचा शनिवार, मारुतीचा. आत्याचा सोमवार. आईचा मंगळवार. वहिनीचे मार्गशीर्षातले गुरुवार, आणि आम्ही निघालो डिसेंबरात, म्हणजे मार्गशीर्ष ऐन भरात. राहिले बुधवार, शुक्रवार, रविवार. लग्नाची तारीख शुक्रवारी येत होती. सगळ्यांना एवढा आनंद झाला की दादाने त्याच दिवशी होमस्टे बुक करून टाकला, आणि आई काही बोलली नाही. ती बोलली फोंडा घाटात, माझा लेक तिसऱ्या वळणावर ओकत असताना. म्हणाली, शुक्रवारी संकष्टी आहे रे.

आधी का नाही सांगितलंस, तर तुमचा हिरमोड कशाला. पर्समधून घडी घातलेलं कालनिर्णय काढून तिनं चंद्रोदयाची वेळ पण दाखवली, रात्री नऊच्या पुढं. वर म्हणे माझी काळजी करू नका, मी काय, चंद्र बघून खाईन आपलं काहीही. १९७३ साली हे कालनिर्णय ज्यांनी सुरू केलं ते जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचे. म्हणजे गावानं आमच्यासाठी मासे पण ठेवले होते आणि ते न खाण्याची सोय पण.

तर मागण्या अशा होत्या. आईला चंद्रोदयानंतर शाकाहारी, आणि तेही मासे तळलेल्या तेलात तळलेलं नको. बाबांना कर्ली. सुरमई नाही, पापलेट नाही, कर्लीच, कारण पन्नास वर्षांपूर्वी बाजारपेठेतल्या एका खानावळीत खाल्ली होती. माझा नवरा नागपूरचा आणि शाकाहारी, सावजीच्या गावचा माणूस शाकाहारी कसा काय हे आमच्या आत्याच्या अजून पचनी पडलेलं नाही, ती त्याला दरवेळी 'थोडा रस्सा तरी घ्या' म्हणते. त्याला ओल्या काजूची उसळ पाहिजे होती. ती उन्हाळ्याच्या तोंडाला मिळते, डिसेंबरात झाडावर काजूच नसतो, पण त्यानं फोटो बघितला होता. वहिनीला समुद्र दिसला पाहिजे. भाचीला वायफाय आणि माझ्या लेकाला गोबी मंचुरियन, जे तो जगात कुठंही नेलं तरी मागेल. आत्याला काहीही चालणार होतं, फक्त एसी लागत नाही तिला, आणि पंखा डोक्यावर नको. दादाला स्वतःला काही नको होतं, त्याला रिव्ह्यू चांगले पाहिजे होते.

दादा रिव्ह्यू वाचतो म्हणजे फक्त एक स्टारवाले वाचतो. चारशे लोकांनी सुरमईचं कौतुक केलंय ते नाही वाचणार, एकानं लिहिलंय पार्किंग नाही, ते मोठ्यानं वाचून दाखवणार. एका ठिकाणाला कुणीतरी एक स्टार दिला होता कारण वेटर हसला नाही. बाद. दुसऱ्या ठिकाणी लोकांनी भरभरून लिहिलं होतं की अगदी घरच्यासारखं जेवण, तर आई म्हणाली मग एवढ्या लांब कशाला आलो. तेही बाद. तिसऱ्या हॉटेलच्या मेनूकार्डाचा फोटो सापडला, त्यात माशांच्या पुढं किंमतच नाही, नुसतं 'साइजनुसार', आणि दादा एकदम गप्प झाला. त्यातून ग्रुपवर पोल टाकला. नऊ जणांत चौदा मतं पडली, कारण आत्यानं कुणाला वाईट वाटू नये म्हणून सगळ्यांना मत दिलं होतं.

होमस्टेच्या मालकांना विचारलं, काका, इथं चांगलं जेवण कुठं मिळतं. त्यांनी सुपारी कातरता कातरता शांतपणे सांगितलं, "सगळीकडे चांगलाच मेळता." गावातल्या माणसाकडून याच्यापेक्षा जास्त काढून दाखवा, मी तुम्हाला सोलकढी पाजते. चौथ्यांदा विचारल्यावर एवढंच म्हणाले की दुपारी चारच्या आत सांगितलं असतं तर घरीच केलं असतं. तेव्हा साडेचार झाले होते.

बाबांची जुनी खानावळ शोधून झाली. तिथं आता मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे. बाबा दोन मिनिटं दारात उभे राहिले आणि मग दुकानदारालाच विचारलं की इथं कर्ली कुठं चांगली मिळते.

वहिनीचं म्हणणं तारकर्लीच्या बाजूला जाऊ. मालवणपासून सहासात किलोमीटर, पुढं देवबागपर्यंत जमिनीची चिंचोळी पट्टी, एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. (नदीचं नाव पण कर्ली हे कळल्यावर बाबा जरा तिकडं झुकले होते.) तिथं एक हॉटेल होतं, माडांना दिव्यांच्या माळा, वाळूत टेबलं, आणि वहिनीची कल्पना अशी की आईला समुद्रावर चंद्र उगवताना दिसेल, तिथंच अर्घ्य द्यायचं, फोटो काय येईल. बोलली एवढं छान की सगळ्यांनी होकार दिला. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्या अरुंद रस्त्यावर समोरून टुरिस्टांची बस आली की दोघांपैकी एकाला मागं जावं लागतं, आणि तो एक दरवेळी दादा होता. पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते आणि समोर समुद्र नव्हता, काळोख होता. आवाज यायचा, बाकी काही नाही. त्या काळोखाच्या पहिल्या रांगेतल्या टेबलाला वेगळे पैसे होते.

तेवढ्यात माझी भाची, जी दोन दिवसांत एकदाही मोबाईलमधून वर बघून बोलली नव्हती, ती म्हणाली, पण आई, हा समुद्र पश्चिमेला आहे ना, चंद्र पूर्वेला उगवतो.

सगळ्यांनी मागं वळून बघितलं. मागं हॉटेलचं किचन होतं, त्याच्यावर पाण्याची टाकी, टाकीमागं माड. कराओकेवर कुणीतरी गायला लागलं तशी आत्या उठली.

परत गाड्या वळवल्या, परत ती बस, आणि मालवणच्या बाजारात एका बोळातल्या खानावळीपुढं येऊन थांबलो. ही दादानं पार्किंग नाही म्हणून सकाळीच बाद केलेली. पार्किंग खरंच नव्हतं. बाहेर मात्र ही गर्दी, निम्मं पुणं आणि उरलेलं कोल्हापूर, आणि दारात एक पोरगा पुठ्ठ्यावर नंबर लिहून घेत होता. नाव विचारायची त्याची पद्धत नाही. गाव आणि माणसं. आमचं त्यानं लिहिलं, 'पुणे ९'.

बाबा तेवढ्यात आत घुसले होते. काउंटरजवळ बर्फाच्या ट्रेमध्ये मासे मांडून ठेवलेले, त्यात एक कर्ली, लांबुळकी, चपटी, चांदीच्या पट्टीसारखी. बाबांनी चष्मा कपाळावर ढकलला, एका बोटानं कल्ला उचलून आत बघितलं, लाल होता, मग पाठीवर अंगठा दाबून खड्डा भरून येतो का ते बघितलं, मग डोळा बघितला, आणि एवढं सगळं बरोबर निघाल्यावर काकूंना विचारलं, ताजी आहे ना? काकू वडे थापत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "आजोबानू, सांजेक बंदरार लिलावात घेतलेली हा. खोटा सांगान माका खय जावचा हा?" बाबा बाहेर आले ते असे खुलून की आता इथून आम्हाला कुणी हलवू शकणार नाही हे सगळ्यांना कळलं. शाकाहारी आहे का असं नवऱ्यानं विचारलं तेव्हा पोरगा म्हणाला, आहे ना, सोलकढी. मग त्याचा चेहरा बघून म्हणाला, काळ्या वाटाण्याचं सांबार पण आहे.

आता राहिला चंद्र. बोळात दोन्ही बाजूंना कौलारू घरं, वर पत्र्याच्या शेड, पूर्व कुठली हेच कळेना. आई हातात पाण्याचा तांब्या, म्हणजे आमची बिसलेरीची बाटली, घेऊन बोळाच्या तोंडाशी गेली, तिथं अजून एक बाई तशीच बाटली घेऊन आभाळाकडं बघत उभी. कोथरूडची. संकष्टी. दोघींचं दोन मिनिटांत असं जमलं की विचारू नका, कुठल्या तरी घराच्या गच्चीवरून चंद्र दिसतो असं कळलं, आणि दोघी त्या अनोळखी घराचा जिना चढून वर गेल्या.

इकडं पोरग्यानं हाक मारली, "पुणे नऊ!" आम्ही पुढं झालो. आमच्याबरोबर अजून एक अख्खं कुटुंब पुढं झालं. ते पण पुणे, ते पण नऊ. आणि त्यांचीही एक बाई गच्चीवर होती. त्या लोकांचा एक भाऊ अगदी आमच्या दादासारखा, हातात मोबाईल, तो म्हणाला आम्ही आठ पंचेचाळीसला लिहिलंय, दादा म्हणाला आम्ही आठ चाळीसला, पोरगा पुठ्ठा उलटासुलटा करून बघतोय, वेळ त्यानं लिहिलेलीच नाही. मागून कोल्हापूर बारा ओरडतंय की तुमचं होत नसेल तर आम्हाला द्या. पुण्यातली दोन कुटुंबं कोल्हापूरला टेबल जाऊ नये म्हणून एका क्षणात एक होतात हे मी त्या दिवशी बघितलं. सगळे आत घुसले. जिथं जागा मिळेल तिथं बसले. माझा लेक त्यांच्यात, त्यांचे आजोबा बाबांच्या शेजारी, आणि आई आणि कोथरूडच्या काकू गच्चीवरून आल्या त्या थेट कोपऱ्यातल्या दोन माणसांच्या टेबलावर. काकूंनी होमस्टेवरून उकडीचे मोदक करून आणले होते, डब्यात. डब्यात खोबरं तळाला सुटलेलं, पण मोदक ते मोदक. वर खानावळीनं त्यांना वरणभात आणि बटाट्याची भाजी दिली, वेगळ्या कढईत केलेली, मागितल्याशिवाय. आत्तापर्यंत दहा ठिकाणं नाकारून झालेली माझी आई तिथं एक अक्षर न बोलता जेवत होती.

म्हणजे ज्यांचा पन्नासावा, ते दोघं दोन टेबलांवर. वहिनीनं फोटो काढला त्यात बाबांच्या शेजारी कोथरूडचे आजोबा आहेत आणि दोघांपुढं केक नाही, कर्ली आहे.

कर्ली खायला वेळ लागतो. ती चवीला जेवढी भारी तेवढी काट्यांची, केसासारखे बारीक काटे, घाई केली की गेलात. बाबा घास तोंडात घेतात, गप्प बसतात, जीभ आत काहीतरी करत असते, आणि मग ओठांच्या कोपऱ्यातून एकेक काटा बाहेर येतो आणि ताटाच्या कडेला ओळीत लागतो. कोथरूडच्या आजोबांना सुरमई होती, त्यांचं कधीच संपलं, ते नुसते बघत बसले. बाहेरून कोल्हापूर बारा काचेला नाक लावून बघतंय. अकरा वाजत आले. काकूंनी शेगड्या बंद करायला घेतल्या.

आणि बाबा म्हणाले अजून एक तुकडी आणा.

आत्या म्हणाली, अरे शनिवार लागेल आता. बाबांनी घड्याळ बघितलं. बारा वाजायला अजून तासभर होता, पण काट्यांचा हिशोब केला तर अवघड होतं. मग त्यांनी चष्मा पुसला आणि सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं सांगितलं की बारा वाजता वार बदलतो ही इंग्रजांची पद्धत, आपला वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळं शास्त्राप्रमाणं उद्या सकाळपर्यंत शुक्रवारच आहे. कोथरूडच्या आजोबांनी मान डोलावली, त्यांचाही शनिवार असणार. दोन तुकड्या पार्सल सांगितल्या गेल्या. मग बाबांनी पलीकडं वळून विचारलं, अगं, उद्या सूर्योदय किती वाजता आहे?

आईनं कालनिर्णय काढलं पण नाही. मोदकावर तूप घेता घेता म्हणाली, "सात. आणि आधी दात घासायचे."