रोजची एकमेव गाडी म्हणून स्पोर्ट्स कार, तीही हिवाळ्यात

म्युनिक आणि आसपासच्या आपल्या मराठी मंडळींत ऑक्टोबर उजाडला की एक प्रश्न हमखास निघतो. नोकरीत स्थिरावलेला एखादा धाकटा मित्र विचारतो, "दादा, स्पोर्ट्स कार घ्यायचं मनात आहे, पण पार्किंगची जागा एकच आणि गाडीही एकच. हिवाळ्याचं काय करायचं?" यावर त्याला साधारण दोन उत्तरे मिळतात. पहिले असे की मोसमी नंबरप्लेट घे, एप्रिल ते ऑक्टोबर गाडी चालव आणि उरलेले महिने झाकून ठेव. दुसरे असे की फोर व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देणारी गाडी घे, मग चिंताच नाही. माझ्या मते पहिले उत्तर त्याच्या प्रश्नाचे नाहीच, कारण मोसमी नंबरप्लेटची मुदत संपल्यावर ती गाडी चालवणे सोडाच, सार्वजनिक रस्त्यावर उभीही करता येत नाही. म्हणजे दुसरी जागाही हवी आणि दुसरी गाडीही. दुसरे उत्तर मात्र अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच ते अधिक फसवे आहे.

ज्याला एकाच गाडीत कामावर जायचे आहे, मुलाला किंडरगार्टनला सोडायचे आहे आणि शनिवारी भाजीही आणायची आहे, त्याने जूनमधल्या मोकळ्या रस्त्यावर गाडी कशी पळते हे सर्वांत शेवटी पाहावे. जानेवारीत सकाळी सात वाजता, अंधारात, बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाच्या चिखलाने माखलेल्या रस्त्यावर ती कशी वागेल, हे आधी तपासावे. त्या कसोटीला उतरलेल्या गाड्यांमधून मग मनाला भावेल ती निवडावी.

ही कसोटी सुरू होते ती टायरपासून. स्पोर्ट्स कारबरोबर येणारे उन्हाळी टायर गरम डांबरासाठी बनवलेले असतात. थंडीत त्यांचे रबर कडक होते आणि रस्ता कोरडा असला तरी त्यांची पकड कमी होते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या नक्षीत असलेल्या असंख्य बारीक चिरा बर्फाला धरून ठेवतात. जर्मनीत अमुक तारखेपासून हिवाळी टायर लावा असा नियम नाही, पण बर्फ, चिखलबर्फ (अर्धवट वितळलेला बर्फ) किंवा रस्त्यावर गोठलेले पाणी असेल तर ते सक्तीचे आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून तर टायरवर डोंगर आणि हिमकणाचे चिन्ह असणे आवश्यक झाले आहे. जुन्या 'एम प्लस एस' (चिखल आणि बर्फ) अक्षरांवर आता भागत नाही. नियम मोडल्यास ६० युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गच्या सरकारी वाहतूक-नोंदीत चालकाच्या नावावर एक दंडगुण. सुट्टीला ऑस्ट्रियात जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की तिथे १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात हिवाळी परिस्थितीत चालणाऱ्या टायरची नक्षी किमान ४ मिलिमीटर खोल असावी लागते.

आता फोर व्हील ड्राइव्हविषयी. या भागात त्याची महती मोठी असणे स्वाभाविक आहे, कारण १९८० साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलेली क्वाट्रो इथून तासाभराच्या अंतरावरील इंगोलश्टाटच्या ऑडी कंपनीची. बर्फाळ चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवताना चारही चाकांना मिळणारी ताकद किती मोलाची असते, हे मला पूर्ण मान्य आहे. पण ब्रेक दाबल्यावर प्रत्येक गाडीची चारही चाके अडवली जातात, मग इंजिनाची ताकद दोन चाकांना जात असो वा चारांना. एकाच वेगात थांबण्याचे अंतर ठरते ते मुख्यतः टायरवर आणि उतारावर. उलट, निघताना गाडी न घसरल्यामुळे रस्ता किती निसरडा आहे याची सूचनाच चालकाला मिळत नाही आणि पहिली खरी सूचना मिळते ती वळणावर. वरंध घाटात भर पावसात गाडी चालवलेल्या माणसाला हलका पाय काय असतो हे शिकवावे लागत नाही, परंतु तोही इथल्या गोठलेल्या पुलावर चकतो, कारण तिथे रस्ता दिसायला फक्त ओला असतो. त्यामुळे चांगले हिवाळी टायर लावलेली रिअर व्हील ड्राइव्ह आणि उन्हाळी टायरवरची फोर व्हील ड्राइव्ह यांत निवडायचे झाले, तर मी क्षणाचाही विचार न करता पहिलीत बसेन.

टायर म्हटले की रिमचा आकार आलाच, आणि इथेच विक्रेत्याच्या दालनात बहुतेकांचा तोल जातो. बीएमडब्ल्यूच्या सध्याच्या एम टूची मागची चाके २० इंची आणि टायर २८५ मिलिमीटर रुंद असतात. दिसायला ती देखणी असतात यात वाद नाही, पण पातळ चिखलबर्फावर रुंद टायर तरंगू लागतो, अरुंद टायर तो कापून रस्त्यापर्यंत पोहोचतो. हिवाळ्यासाठी ब्रेकवर बसेल एवढा लहानात लहान रिम घ्यावा, मात्र तो आकार त्या गाडीला कागदोपत्री मंजूर आहे याची खात्री करून. टायरची भिंत उंच झाली की खड्डेही कमी जाणवतात, आणि लहान आकाराचे टायर बहुधा स्वस्तही पडतात. थंडीत चालवताना सुकाणू अचानक थरथरू लागले, तर लगेच वर्कशॉप गाठण्याआधी रिमच्या आत डोकवावे. तिथे चिकटून गोठलेला चिखलबर्फ चाकाचा तोल बिघडवतो, आणि तो खरवडून काढला की थरथर थांबते.

याहून क्षुल्लक वाटणाऱ्या, पण रोज भेटणाऱ्या गोष्टी चाचणीफेरीत कुणी पाहत नाही. बहुतेक कूपे (दोन दारांच्या) गाड्यांच्या दाराला काचेभोवती चौकट नसते. दाराची मूठ ओढताच काच बोटभर खाली सरकते आणि मग दार उघडते. कडाक्याच्या थंडीत ती काच रबराला गोठून चिकटते, मोटर कण्हते आणि दार उघडत नाही. जोर लावला तर रबर फाटते. नोव्हेंबरमध्येच सगळ्या रबरांवर हरणाच्या चरबीची किंवा ग्लिसरीनची कांडी फिरवणे हा त्यावरचा जुना जर्मन उपाय आहे आणि तो उत्तम चालतो. तसेच आपल्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगचा उतार गाडी घेण्याआधी एकदा तरी त्या गाडीने उतरून पाहावा. बंपरचा ओठ तिथे घासत असेल तर तो रोज घासणार आहे.

मग घ्यावे काय? पॉर्शे नाइन इलेव्हनविषयी लोक उगाच घाबरतात. इंजिन मागच्या आसाच्याही मागे असल्याने सुमारे ६० टक्के वजन मागच्या चाकांवर येते, म्हणून फक्त मागच्या चाकांना ताकद देणारी साधी कॅरेरासुद्धा बर्फावरून चांगली निघते. शिवाय पुढे सुमारे १३० लिटरची डिकी आहे आणि मागे मुलांपुरत्या जागा घेता येतात. अडचण आहे ती फक्त किमतीची, आणि ती लहान नाही. माझ्या ओळखीच्या बहुतेकांसाठी मी बीएमडब्ल्यू एम टू फॉर्टी आय एक्सड्राइव्ह सुचवतो : सहा सिलिंडर, ३७४ अश्वशक्ती, ३९० लिटरची डिकी. रस्त्यात उभी असताना ती कुणाचे लक्ष वेधत नाही, जे मला गुणच वाटतो. टोयोटा जीआर ८६ हलकी आणि प्रामाणिक गाडी आहे, आणि तिचा मर्यादित घसरणीचा डिफरन्शियल (एक चाक घसरले तरी दुसऱ्याला ताकद पोहोचवणारा) बर्फावर उपयोगी पडतो. नव्या युरोपीय नियमांमुळे इथली तिची विक्री २०२४ मध्ये थांबली, तेव्हा आता वापरलेलीच शोधावी लागेल. माझी मनातली गाडी विचाराल तर दीड लिटरची माझदा एमएक्स ५. तिचे टायर मुळातच १९५ मिलिमीटरचे, वजन टनाच्या आसपास आणि मागच्या काचेला तापवण्याची सोय आहे. फक्त १३० लिटरच्या डिकीत बालगाडी मावत नाही आणि मागे आसनच नाही. म्हणून बाळ असलेल्या घराला मी ती सुचवत नाही.

वापरलेली गाडी घेणार असाल तर ती लिफ्टवर चढवून खालून पाहिल्याशिवाय सौदा करू नये. मिठाचा मार बसतो तो ब्रेकच्या नळ्यांवर, स्प्रिंगच्या खालच्या वेढ्यांवर आणि चाकांच्या कमानींच्या कडांवर, आणि वरची चकाकी यातले काहीच सांगत नाही. विकणारा हिवाळी चाकांचा संच देतो म्हणाला, तर त्यात हवेच्या दाबाचे सेन्सर आहेत का ते विचारावे आणि टायरच्या भिंतीवरचे चार आकडे वाचावेत. पहिले दोन बनवल्याचा आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. आठ वर्षे जुना संच असेल तर त्यातल्या रिमची आणि सेन्सरची काय ती किंमत करावी, टायरची शून्य धरावी.