आरती साहा जगातल्या पहिल्या नाही, आशियातल्या पहिल्या!

व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड फिरतोय की इंग्लिश चॅनेल पोहून जाणारी जगातली पहिली बाई म्हणजे आपली आरती साहा, आणि वर ऑलिम्पिक मेडलही जोडून दिलंय. दोन्ही चूक आहे हो.

जगात पहिली अमेरिकेची गर्ट्रूड एडर्ली, 6 ऑगस्ट 1926, आणि तिने तर तोवरच्या पुरुषांचा रेकॉर्डही मोडला होता. आरती आशियातली पहिली महिला, तारीख 29 सप्टेंबर 1959. ऑलिम्पिकला ती गेली होती हे खरंय, 1952, हेलसिंकी, 200 मीटर ब्रेस्टस्ट्रोक, वय अजून 12 पण पूर्ण नव्हतं, पण मेडल वगैरे काही नाही.

मुळात खरी गोष्टच इतकी भारी आहे की मसाला कशाला लावायचा कळत नाही. ऑगस्टमधला पहिला प्रयत्न फसला, पायलट बोटच (पोहणाऱ्याला वाट दाखवणारी सोबतची बोट) उशिरा आली आणि मग किनारा अगदी टप्प्यात असताना प्रवाह उलटा फिरला. कोणीही घरी गेलं असतं, ही पोरगी साधारण महिन्याभराने परत पाण्यात! फ्रान्सच्या केप ग्री नेपासून इंग्लंडच्या सँडगेटपर्यंत 16 तास 20 मिनिटं. सरळ रेषेत अंतर साधारण 33 किलोमीटर, पण भरती-ओहोटी माणसाला आडवं ओढत नेते त्यामुळे ती पोहली 42 मैल, म्हणजे साधारण 67 किलोमीटर, जवळपास दुप्पट. नुकतीच 19 ची झाली होती.

1960 ला पद्मश्री मिळाली, आणि तो मान मिळवणारी पहिली भारतीय महिला खेळाडू तीच, फॉरवर्डमध्ये नेमकं हेच नाहीये.